शेठला जोडीदार

खुर्चीवाल्याच्या तोंडात दिवसभर खिळे असत. जुन्या खुर्च्यांना आणि सोफ्यांना नवं कापड चढवायचं त्याचं काम. एक हात कापड ताणून धरण्यात गुंतलेला, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवायला तोंडाशिवाय जागा कुठली? मूठभर बारीक खिळे गालात भरायचे, जिभेनं एकेक पुढं आणायचा, ओठांतून उचलायचा, टेकवायचा, ठोकायचा. आणि एकदा घास भरला की तो संपेपर्यंत उठायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. अर्धवट उठलं की कापडाचा ताण जातो आणि पुढं ते गिऱ्हाइकाच्या बुडाखाली सुरकुततं. त्यामुळं मध्येच कोणी आलं तर खुर्चीवाला भुवया उडवून ‘बसा’ म्हणे, बोटं दाखवून किती दिवस लागतील ते सांगे, आणि नको असलेल्या माणसाला नुसतं बघून घालवी. गल्लीत नवीन राहायला आलेल्या लोकांना तो मुका वाटे.

“तोंड रिकामं नसतं म्हणून तर आमचा संसार टिकला,” असं त्याची बायको येईल त्याला सांगायची.

हा घास तो अर्ध्यावर टाकायचा तो फक्त एका वेळी. बायको मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिकडची कामगारांची गाडी संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबायची. तिचे ब्रेक लागले की म्हाताऱ्या माणसानं बसताना सोडावा तसा लांब सुस्कारा ऐकू यायचा. तो ऐकला की खुर्चीवाला उरलेले खिळे पत्र्याच्या वाटीत थुंकायचा, टणटण आवाज व्हायचा, आणि अंगावरचा काथ्या झटकत तो दारात जाऊन उभा राहायचा. शेठ त्याच्या आधी तिथं हजर.

शेठ म्हणजे त्यांचा कुत्रा. पिवळसर, जाड मानेचा, एका कानाला खाच पडलेला. दुरुस्त झालेल्या प्रत्येक खुर्चीवर गिऱ्हाइकाच्या आधी हा चढून बसायचा, एकदा गोल फिरायचा आणि हनुवटी हातावर टेकून डोळे मिटायचा. “शेठनी पास केली,” बायको म्हणायची, आणि मग घाईघाईनं त्याचे केस झटकायची. नाव तेव्हाच पडलं.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. फार दिवसांचं दुखणंही नव्हतं. ज्या चादरींच्या घड्या तिनं आयुष्यभर घातल्या, त्यांतल्याच एका चादरीवर ती शेवटची निजली होती. चादरीच्या कोपऱ्याला तिच्या धुलाईखान्याचा शिक्का होता. खुर्चीवाला सगळा वेळ त्या शिक्क्याकडंच बघत बसला होता, कारण तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

काही दिवसांनी त्यानं पुन्हा हातोडी उचलली. संध्याकाळी कोपऱ्यावर सुस्कारा ऐकू आला आणि त्यानं सवयीनं खिळे वाटीत टाकले. टाकल्यावर त्याला आठवलं. तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला. मग मान वर करून बघतो तर शेठ दारात. ताठ बसलेला, तोंड रस्त्याकडं.

‘आता याला कोण सांगणार?’ खुर्चीवाल्याच्या मनात आलं. तो उठला आणि शेठच्या शेजारी जाऊन उभा राहिला. कोपऱ्यावर गाडीचं मागचं दार उघडलं. कोणी उतरलं नाही. दार लागलं आणि गाडी गेली.

तेव्हापासून हे रोजचं झालं. समोरचा चष्मेवाला एकदा म्हणालासुद्धा, “अहो, किती दिवस असं दारात उभं राहणार? मन आवरा आता.”

“मी कुठं उभा राहतो?” खुर्चीवाला म्हणाला. “शेठ राहतो. मुकं जनावर ते. त्याला एकटं सोडू का?”

हे तो मनापासून म्हणत होता. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती, ती तो कोणाला सांगत नसे. गाडीचं दार उघडून पुन्हा लागेपर्यंत जो थोडासा वेळ जाई, तेवढ्यात ती अजून उतरायची बाकी असे. दिवसभरात तेवढीच एक वेळ अशी होती. आणि त्या वेळी तसं वाटणारा तो जगात एकटा नव्हता. शेजारी शेठ होता. लोक आपापल्या कामाला लागले होते, आणि ते बरोबरच होतं. या दोघांनी मात्र तिची वाट बघायचं सोडलं नव्हतं.

एका सोमवारी दुपारी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. ती त्याच धुलाईखान्यात होती आणि त्याच गाडीनं येई-जाई, फक्त उतरायची पुढच्या थांब्यावर. चादरी झटकून झटकून दंड कमावलेली बाई, आणि जीभ दंडांपेक्षा जोरात. आज रजा टाकून आली होती. खांद्याला मळकट कपड्यांची मोठी पिशवी होती आणि पिशवी हलत होती.

“दाजी, तोंडातले खिळे काढा. बोलायचंय.”

खुर्चीवाल्यानं बोट दाखवलं. थांब.

“नाही काढत? उत्तम. मग मी बोलते, म्हणजे तुम्हाला नाही म्हणता यायचं नाही.” तिनं पिशवी खाली ठेवली. पिशवीतून आधी एक काळं नाक आलं, मग दोन कान, मग सगळी कुत्री. काळी, पांढऱ्या पायांची, वर्षाच्या आतली, बारकी. बाहेर येताच तिनं अंग झाडलं आणि काथ्याच्या ढिगात तोंड घालून शिंकली.

“बॉयलरच्या मागं झाली होती ही. बाकीची गेली लोकांच्या घरी, ही राहिली. आता नवीन साहेब आलेत, त्यांना आवारात कुत्रं चालत नाही. माझ्याकडं आणली तर घरमालकीण रोज जिन्यात उभी. ती जास्त भुंकते का कुत्री, हेच कळत नाही मला.”

खुर्चीवाला घाईघाईनं खिळे ठोकू लागला. घास संपवल्याशिवाय बोलता येईना, आणि बोलायची तर निकड होती.

“शेठ म्हातारा होत चाललाय,” मेहुणी बोलतच होती. “दिवसभर तुमच्या हातोडीची टकटक ऐकायची आणि संध्याकाळी दारात जाऊन बसायचं. हे काय जिणं झालं? त्याला जोडीदार हवा. चार उड्या मारेल, दोन वेळा भांडेल, अन्न अंगाला लागेल. जरा जीव रमेल त्याचा.”

शेवटचा खिळा बसला. “नको,” खुर्चीवाला म्हणाला.

“एवढ्यासाठी एवढं ठोकलंत?”

“त्याला जोडीदार आहे. मी आहे.”

“तुम्ही! तुम्ही काय उड्या मारता का त्याच्याबरोबर?”

“अगं, दुसरं कुत्रं नको मला. एकाचं करता करता—”

“रविवारपर्यंत ठेवा,” ती म्हणाली. “फक्त रविवारपर्यंत. नाहीतर लाकडाच्या वखारीवाला न्यायला तयार आहे, पण तो साखळीनं बांधून ठेवणार. रात्रंदिवस. मी बघून आलेय ती साखळी.” ती थांबली आणि एकदम आवाज उतरवून म्हणाली, “दाजी, खरं सांगा. जोडी शेठला नको आहे की तुम्हाला?”

खुर्चीवाल्यानं पुढचा घास गालात भरला. त्याचं उत्तर तेच होतं हे तिला कळलं. जाताना तिनं कुत्रीला दाराशी थांब म्हणून सांगितलं आणि कुत्री तिच्यामागं धावली. मग तिला उचलून आत ठेवावं लागलं. खुर्चीवाल्यानं तिला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की कुत्रं राहतं. तो तिला पाहुणी म्हणू लागला.

पाहुणीनं घर फार लवकर आपलं मानलं. स्प्रिंगा उघड्या पडलेल्या एका कोचात शिरून ती अडकली. सुतळीचं भेंडोळं तिनं मोरीपर्यंत नेलं. शेठच्या वाटीतलं दूध-पाव तिनं संपवलं आणि मग स्वतःच्या वाटीपाशी जाऊन शेठकडं असं बघितलं, की जणू तोच चोर. शेठनं पहिल्या दिवशी तिच्याकडं पाठ केली. दुसऱ्या दिवशी एकदा गुरगुरला. तिसऱ्या दिवशी ती त्याच्या पोटाला टेकून झोपली, आणि तो उठून गेला नाही.

खुर्चीवाला हे सगळं हातोडीच्या आडून बघत होता. त्याला ते बघवतही होतं आणि नव्हतंही. मेहुणी म्हणाली ते खरंच होईल अशी त्याला धास्ती होती. शेठचा जीव रमेल. दंगामस्ती, भांडणं, पोटाला पोट लावून झोपणं. आणि एक दिवस गाडीचा सुस्कारा येईल तेव्हा शेठ खेळत असेल. मग दारात उभं राहायला खुर्चीवाला एकटा उरेल. शेठ आहे तोवर त्याला कोणी वेडा म्हणू शकत नव्हतं. पण दाराशी एकट्यानं उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याला काय म्हणायचं?

म्हणून गाडीची वेळ झाली की तो पाहुणीला मागच्या खोलीत कोंडी. “ही आमची वेळ आहे,” तो तिला समजावून सांगे. “यात तुझं काही नाही. तू तिला बघितलेलं पण नाहीस.”

पाहुणी दार खरवडे आणि बारीक आवाजात रडे. गुरुवारी तिचं रडणं ऐकून शेठनं रस्त्यावरची नजर काढली आणि मागच्या दाराकडं मान वळवली. तेवढ्यात कोपऱ्यावर गाडी थांबलीही आणि गेलीही. शेठला ती दिसलीच नाही.

खुर्चीवाल्याच्या छातीत कोणी दाभण खुपसावं तसं झालं. त्यानं मागचं दार उघडलं. पाहुणी त्याच्या पायांत घुटमळली.

“वखारीवाला वाईट माणूस नाही,” खुर्चीवाला तिला म्हणाला. “साखळी लांब असेल.”

त्याचं ठरलं. रविवारी मेहुणीला नाही म्हणून सांगायचं.

शनिवारी सकाळी तो वकीलबाईंची आरामखुर्ची घेऊन बसला होता. खुर्ची जुनी आणि बाई चोखंदळ. पाठीची शिवण जरा वाकडी गेली तर बाई चष्मा लावून तिच्यावर बोट फिरवायच्या. बैठकीत नवा काथ्या भरून झाला होता, वरून गोणपाट ताणलं होतं आणि एक बाजू ठोकून होत आली होती. दुसरी बाजू मोकळी होती. पाहुणीनं ती मोकळी बाजू बरोबर हेरली. आत तोंड घातलं, जबडाभर काथ्या ओढून काढला आणि मिशा लावलेल्या फौजदारासारखी दिमाखात दाराकडं निघाली. दाराबाहेर तिनं पळायला सुरुवात केली आणि समोरून पाण्याच्या कॅनांनी भरलेली हातगाडी उतारानं येत होती.

खुर्चीवाल्यानं खिळे वाटीत थुंकले. “ए! पाहुणी! मागं ये!”

पाहुणी जागच्या जागी थबकली. हातगाडीवाल्यानं शिवी हासडून गाडी वळवली. काथ्या तोंडातच धरून पाहुणी परत आली आणि खुर्चीवाल्याच्या पायाशी तो ठेवला, जणू त्याच्यासाठीच आणायला गेली होती.

खुर्चीवाल्यानं तिला एक टप्पल मारली आणि मान वर केली. शेठ दारात बसला होता.

आत्ता तर तो कोचाखाली घोरत होता. गाडीला अजून सगळा दिवस बाकी होता. तरी तो दारात गेला होता आणि त्याच्या ठरलेल्या जागी, चौकटीच्या डाव्या बाजूला, ताठ बसला होता. फक्त त्याचं तोंड रस्त्याकडं नव्हतं. तो मान वळवून खुर्चीवाल्याकडं बघत होता. चल, येतोस ना, असं.

खुर्चीवाल्यानं वाटीकडं बघितलं. वाटीच्या तळाशी थुंकीनं चकचकणारे खिळे होते.

“झोप जा,” तो शेठला म्हणाला. शेठ थोडा वेळ थांबला, मग कुरकुरत कोचाखाली गेला.

दुपारी खुर्चीवाल्यानं पुन्हा घास भरला, चार खिळे ठोकले आणि उरलेले मुद्दाम वाटीत टाकले. टणटण. कोचाखालून शेठ निघाला. पाय आखडले होते, मागचा डावा तर ओढतच आणत होता. दारात जाऊन बसला आणि वळून बघू लागला.

संध्याकाळी खुर्चीवाल्यानं पाहुणीला कोंडलं नाही. गालात खिळे भरले आणि काम सुरू ठेवलं. कोपऱ्यावर सुस्कारा आला. त्याचा हात हवेतच थांबू पाहत होता, पण त्यानं तो थांबू दिला नाही. एक खिळा, मग दुसरा, मग तिसरा. हातोडीच्या दोन ठोक्यांमध्ये त्याला गाडीचं दार उघडलेलं ऐकू आलं. त्यानं डोळ्यांच्या कडेनं शेठकडं बघितलं. शेठ जागा होता. पाहुणीनं त्याचा कान तोंडात धरला होता आणि तो सहन करत होता. गाडीचं दार लागलं. इंजिनाचा आवाज वाढला आणि गेला. शेठनं कान काय, डोळासुद्धा हलवला नाही.

घास संपवून खुर्चीवाला खाली फरशीवर बसला.

म्हणजे हा तिची वाट बघत नव्हता. कधी सोडली होती, देव जाणे. वाटीत खिळे पडले की हा माणूस उठतो आणि दारात जाऊन उभा राहतो, तर आपणही जावं, एवढंच त्याला माहीत होतं. दुखऱ्या पायावर उठून, रोज. खुर्चीवाला दोन वर्षं लोकांना सांगत होता की मी शेठसाठी उभा राहतो.

“तूपण सोडलीस होय रे?” तो म्हणाला. त्याच्या आवाजाला नकळत धार आली होती. शेठ उठून जवळ आला आणि त्यानं आपलं जड डोकं खुर्चीवाल्याच्या मांडीवर टेकवलं. खुर्चीवाल्यानं ते बाजूला सारलं नाही, पण हातही फिरवला नाही. पाहुणी दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

रविवारी मेहुणी आली ती आल्या आल्या चुलीकडं वळली. चहा तिला दुसऱ्याच्या हातचा चालत नसे. चहा ठेवता ठेवता तिनं खुर्चीवाल्याचं तोंड बघितलं.

“काय झालं? खिळा गिळलात की काय?”

त्यानं तिला सगळं सांगितलं. हातगाडी, वाटी, शेठ, संध्याकाळची गाडी. एवढं सलग बोलताना मेहुणीनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. ती कपबशा हातात धरून उभीच राहिली.

“म्हणजे मी एकटाच होतो,” शेवटी तो म्हणाला. “तो माझ्या सोबतीला येत होता, आणि मला वाटायचं मी त्याच्या.”

मेहुणीनं चहा गाळला. बशी त्याच्यापुढं सरकवली. मग दाराकडं बघत म्हणाली, “आता सांगूनच टाकते. रागावू नका. आपल्या कोपऱ्यावर गाडी का थांबते, माहितीये?”

“थांबा आहे म्हणून.”

“कसला थांबा? इस्पितळाची गाडी ती, जिथं माणूस उतरतं तिथं थांबते. या कोपऱ्यावर ताईशिवाय कोण उतरायचं? ती गेल्यावर एका संध्याकाळी ड्रायव्हरनं सवयीनं ब्रेक मारला, आणि चूक कळून तो गाडी पुढं काढणारच होता. तर तुम्ही दारात उभे, आणि शेजारी हा. मग त्यानं दार पण उघडलं. मला म्हणाला, बाई, त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी कशी काढू? तेव्हापासून रोज थांबतो. आम्ही सगळ्या गप्प बसतो तेवढा वेळ. ती वॉर्डातली बडबडी बाई पण गप्प बसते.”

खुर्चीवाल्यानं बशी खाली ठेवली.

“दोन वर्षं?”

“रोज. काल तुम्ही दोघं दिसला नाहीत तर गाडीत सगळ्यांच्या जिवाला घोर लागला. दाजींना काही झालं की काय म्हणून मी पुढच्या थांब्यावर उतरून मागं पळत आले. तुमची हातोडी ऐकली आणि परत गेले.”

पाहुणी मेहुणीच्या पिशवीत शिरून बघत होती की अजून कोण आहे का आत.

“तू पण कधी बोलली नाहीस,” खुर्चीवाला म्हणाला.

“काय बोलणार? मला पण तो वेळ आवडायचा.” मेहुणीनं पदरानं नाक पुसलं, आणि लगेच आवाज चढवला. “तर आता ड्रायव्हरला काय सांगू ते बोला. आणि या बयेचं काय करायचं ते पण बोला. वखारीवाला संध्याकाळी येतोय.”

खुर्चीवाल्यानं शेठकडं बघितलं. शेठ दाराकडं तोंड करून नाही, तर त्याच्याकडं तोंड करून पडला होता, डोळे अर्धे मिटून. एक कान मात्र उभा होता. खुर्चीवाल्याला वाटलं, हा कान दोन वर्षं असाच उभा आहे. मी उठेन म्हणून. त्याला गाढ झोप लागली असेल का कधी?

“वखारीवाल्याला सांग, कुत्री दिली,” तो म्हणाला.

“कोणाला?”

“शेठला. त्याला आता सुट्टी द्यायला हवी. म्हातारा झालाय.”

“आणि ड्रायव्हरला?”

यावर त्यानं जिभेनं गाल चाचपला. तोंडात खिळे नव्हते तरी.

“सांग, घाई असेल तेव्हा नको थांबू म्हणावं.”

“आणि घाई नसेल तेव्हा?”

“नसेल तेव्हा त्याचं त्यानं बघावं.”

मेहुणी हसली, रडली, आणि कपबशा न धुताच निघाली, जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं.

सोमवारी दिवस कलला तशी खुर्चीवाल्याची हातोडी मंद झाली. वकीलबाईंच्या खुर्चीची शेवटची बाजू राहिली होती. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला. सुस्कारा पुरा झाला नाही. गाडी फक्त हळू झाली, एकदा हॉर्न वाजला, आणि ती पुढं निघाली.

त्यानं खिळे वाटीत टाकले. कोचाखाली शेठची हालचाल झाली. पुढचे पाय रोवून तो उठायला लागला. खुर्चीवाला वाकला आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. “राहू दे. आज मी जाऊन येतो. तू पड.”

शेठनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. हे नवीन होतं, आणि म्हाताऱ्या कुत्र्याला नवीन काही पटकन पटत नाही. मानेवरचा हात निघाला नाही, तेव्हा तो एकदा गोल फिरला आणि काथ्याच्या ढिगावर पसरला.

खुर्चीवाला दारात गेला. कोपरा रिकामा होता. धूर अजून हवेत होता, तेवढाच. तो चौकटीला टेकून उभा राहिला आणि त्याला जशी भीती वाटली होती तसंच वाटलं. एकटं.

मग पायाला काहीतरी ऊन ऊन लागलं. पाहुणी येऊन बसली होती. तिच्या पाठीवर काथ्या चिकटला होता. तो कुठं बघतोय हे तिनं आधी बघितलं, आणि मग आपणही तिकडं बघायला लागली. कान टवकारून, मान लांब करून, अगदी उत्सुकतेनं. तिला कोणाची वाट बघायची हे ठाऊक नव्हतं. शेठला कधी काही सांगावं लागलं नव्हतं. त्याला सगळं माहीत होतं, म्हणून दोघं गप्प उभे राहायचे. हिला माहीत काहीच नव्हतं. हिला अगदी पहिल्यापासून सांगावं लागणार होतं.

“तिथं उतरायची ती,” खुर्चीवाला म्हणाला. पाहुणीनं एक कान त्याच्याकडं वळवला. “मागच्या दारानं. बाकीच्या सगळ्या आपापल्या ठिकाणी पुढच्या दारानं उतरायच्या, आणि ही मागच्या. का, तर पुढची पायरी उंच आहे म्हणे. अगं, दोन्ही पायऱ्या सारख्याच होत्या. मी स्वतः बघून आलो होतो. पण तिच्याशी वाद कोण घालणार?”

आत शेठ घोरायला लागला. एवढ्या मोठ्यानं घोरताना खुर्चीवाल्यानं त्याला बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. तो उंबरठ्यावर टेकला, पाहुणीच्या पाठीवरचा काथ्या एकेक करून वेचू लागला, आणि पुढचं सांगू लागला.